झडती पिशवीची, सुरक्षितता कोणाची?

रेल्वेत, एसटीत किंवा बसमध्ये एखाद्या बाईवर हल्ला झाला, की चार दिवस वर्तमानपत्रांचे रकाने भरतात, मंत्री घटनास्थळी जाऊन येतात आणि मग घोषणा होते : बंदोबस्त वाढवला जाईल, प्रवाशांच्या सामानाची अचानक तपासणी केली जाईल. ही घोषणा बहुतेक वेळा 'महिलांच्या सुरक्षिततेसाठी' असते. आपल्या नावाने होणारी ही तपासणी आपल्याला खरोखर सुरक्षित करते का? तीत नेमक्या कोणाच्या पिशव्या उघडल्या जातात? आणि तपासणीचा देखावा चालू असताना कोणती कामे करायची राहून जातात? हे प्रश्न स्त्री-संघटनांनी आता विचारायला हवेत, कारण 'पिशव्या तपासा' ही मागणी हळूहळू आपल्याच निवेदनांत शिरू लागली आहे.

हे प्रश्न मी खारबावच्या बाजूने मांडते आहे. खारबाव हे भिवंडी तालुक्यातले गाव आणि वसई-दिवा रेल्वेमार्गावरचे स्थानक. एका बाजूला कामण रोड, दुसऱ्या बाजूला भिवंडी रोड. मुंबईच्या लोकलसारखी दर चार-पाच मिनिटांनी गाडी इथे नाही. दिवसभरात मोजक्या मेमू. एक चुकली, की फलाटावर ताटकळायचे किंवा चिंचोटी-कामण-अंजूरफाटा रस्त्यावर येऊन कंटेनरांच्या रांगेतून वाट काढणारी रिक्षा पकडायची. भाजी नाहीतर मासळीच्या पाट्या घेऊन वसई-डोंबिवलीकडे निघालेल्या आगरी-कोळी बाया, गोदामांत पॅकिंगला जाणाऱ्या मुली, घरकामाला जाणाऱ्या बाया, कॉलेजच्या मुली, वीटभट्टीवरून परतणारी कातकरी कुटुंबे असा हा प्रवासीवर्ग आहे.

इथल्या बचत गटांच्या एका बैठकीत रेल्वेला द्यायच्या निवेदनाचा मसुदा वाचला जात होता. त्यात एक मागणी होती : स्थानकांवर प्रवाशांच्या सामानाची कडक तपासणी व्हावी. कॉलेजच्या मुलींना ती पटली. पर्स ओढली जाण्याची, मोबाइल जाण्याची भीती त्यांना रोजची. पण भाजी विकणारी एक बाई म्हणाली, "तपासतील ती माझी पाटी. खिसा कापणारा काय पिशवी घेऊन येतो?" या एका वाक्यावर पुढची बैठक तास-दीड तास चालली. भीती खोटी आहे असे कोणी म्हणत नव्हते. प्रश्न असा होता, की भीतीवरचा उपाय म्हणून आपण काय मागतो आहोत, आणि त्याची किंमत आपल्यातली कोण मोजणार आहे?

गुन्हे कोणते आणि तपासणी कशाची?

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत सार्वजनिक वाहतुकीत घडलेल्या आणि सगळ्यांना हादरवून गेलेल्या काही घटना आठवून पाहू.

१९९८ मध्ये पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये पर्स हिसकावणाऱ्या चोराला विरोध केला म्हणून एका तरुणीला धावत्या गाडीतून ढकलले गेले. तिचे दोन्ही पाय गेले. ऑगस्ट २००२ मध्ये बोरिवलीकडे जाणाऱ्या लोकलमध्ये रात्री एका गतिमंद मुलीवर बलात्कार झाला. डब्यात आणखी पाच प्रवासी होते. जून २०२३ मध्ये हार्बर मार्गावर परीक्षेला निघालेल्या विद्यार्थिनीवर महिला डब्यात लैंगिक हल्ला झाला. वेळ सकाळी साडेसातच्या सुमाराची, म्हणजे रात्रीच्या गाड्यांतल्या महिला डब्यांत जो पोलीस किंवा होमगार्डचा पहारा असतो, तो उठून गेल्यानंतरची. फेब्रुवारी २०२५ मध्ये पुण्याच्या स्वारगेट आगारात फलटणच्या गाडीची वाट पाहणाऱ्या तरुणीला 'ताई, तुमची गाडी तिकडे लागली आहे' अशी थाप मारून उभ्या असलेल्या शिवशाहीत नेल्याची आणि तिच्यावर अत्याचार केल्याची फिर्याद नोंदली गेली. पोलीस ठाणे तिथून हाकेच्या अंतरावर होते.

यातल्या एकाही घटनेत हल्लेखोराची पिशवी तपासून गुन्हा टळला नसता. कुठे डबा रिकामा होता, कुठे गाडी अंधारात बेवारस उभी होती, कुठे माणसे असूनही कोणी उठले नाही, कुठे पहाऱ्याची वेळ संपली होती. गुन्ह्याला लागलेले साधन म्हणजे पुरुषाचे हात, एकांत आणि 'कोणी काही बोलणार नाही' ही खात्री. ही खात्री कुठल्याही यंत्रात दिसत नाही.

आणि एका घटनेत तर शस्त्र रीतसर सरकारी होते. ३१ जुलै २०२३ रोजी पहाटे जयपूर-मुंबई गाडीत रेल्वे सुरक्षा दलाच्या एका जवानाने आपल्या वरिष्ठाला आणि तीन मुसलमान प्रवाशांना गोळ्या घातल्या. त्याच गाडीत बुरखा घातलेल्या एका बाईला त्याने बंदुकीचा धाक दाखवून घोषणा द्यायला लावली, असे तपासात पुढे आले. बंदूक हातात असलेला रक्षक जवळ असला, की प्रत्येक बाईला सारखेच सुरक्षित वाटते, असे आपण गृहीत धरतो. त्या बाईला विचारले तर तिचे उत्तर काय असेल?

तपासणीच्या बाजूने एक मुद्दा आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. मुंबईच्या लोकलमध्ये बॉम्बस्फोट झाले आहेत. १३ मार्च २००३ चा मुलुंडचा स्फोट तर महिला डब्यात झाला. ११ जुलै २००६ ला पश्चिम रेल्वेवर काही मिनिटांत सात स्फोट झाले आणि १८० हून अधिक माणसे गेली. २६ नोव्हेंबर २००८ ला छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गोळीबार झाला. त्यानंतर मोठ्या स्थानकांवर धातुशोधक चौकटी उभ्या राहिल्या, वाळूची पोती लागली. घातपाताविरुद्ध दक्षता हवीच. पण घातपात हा एक प्रश्न आहे आणि रोजची पाकीटमारी, छेडछाड, हल्ला हा दुसरा. पहिल्यासाठी आणलेला उपाय दुसऱ्याच्या नावाने विकला जातो, तेव्हा दुसऱ्यासाठी काहीच न केल्याचे झाकले जाते. आक्षेप आहे तो या अदलाबदलीला.

'अचानक' म्हणजे कोणाची?

मुंबई उपनगरी रेल्वेने रोज काही दशलक्ष माणसे प्रवास करतात. त्यातल्या शे-दोनशे पिशव्या उघडून काय साधणार, हा गणिताचा प्रश्न झाला. त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा : त्या शे-दोनशे कोणाच्या? 'अचानक तपासणी' या शब्दांत चिठ्ठी टाकून नाव काढावे तसा निःपक्षपातीपणा सुचवला जातो. प्रत्यक्षात टेबलाशी उभा असलेला शिपाई गर्दीकडे पाहतो आणि बोट दाखवतो. ते बोट त्याच्या मनातल्या चोराच्या चित्राकडे वळते. लॅपटॉपची बॅग लावलेला साहेब त्या चित्रात बसत नाही. बोचके घेतलेली कातकरीण, बुरख्यातली बाई, पारध्याचे कुटुंब, तृतीयपंथी, डब्यात पिना-टिकल्या विकणारी बाई मात्र त्यात बसते.

न्यूयॉर्क शहरात जुलै २००५ मध्ये, लंडनच्या स्फोटांनंतर, भुयारी रेल्वेत पिशव्यांची तपासणी सुरू झाली. मार्च २०२४ मध्ये तिथे गुन्हे वाढल्याची ओरड झाल्यावर गव्हर्नरांनी सुमारे ७५० सैनिक स्थानकांत तपासणीसाठी उतरवले. तिथल्या पद्धतीवरही टीका झाली, पण दोन गोष्टी नोंदवण्यासारख्या आहेत. एक, कितव्या प्रवाशाला थांबवायचे हे आधी आकड्याने ठरवायचे, शिपायाच्या मर्जीवर सोडायचे नाही, असा नियम होता. दोन, तपासणी नको असेल तर प्रवाशाला स्थानकाबाहेर निघून जाता येते. आपल्याकडे पाटी घेतलेल्या बाईने "मला नाही तपासून घ्यायचे" असे म्हणून बघावे! तिचे 'नाही' हाच पुरावा ठरेल.

दिल्ली-मुंबईच्या मेट्रोत प्रत्येकाची पिशवी यंत्रातून जाते. तिथे निदान साहेब आणि मोलकरीण एका रांगेत असतात आणि बाईची अंगझडती बाई घेते. सरसकट तपासणी आणि बोट दाखवून केलेली तपासणी यांतला फरक लक्षात ठेवला पाहिजे. मात्र मेट्रोतही पाकीटमारी होतेच, हेही विसरून चालणार नाही.

बोट दाखवण्याचा अधिकार एकदा रुळला, की तो गणवेशापुरता राहत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये धुळे-मुंबई गाडीत इगतपुरीजवळ एका वृद्ध मुसलमान प्रवाशाला तरुणांच्या टोळक्याने घेरले. तो कल्याणला मुलीकडे निघाला होता. त्याच्याजवळच्या बरण्यांत काय आहे याची उलटतपासणी झाली, गोमांसाच्या संशयावरून त्याला मारहाण झाली, तिचे चित्रीकरणही झाले. हे तरुण पोलीस भरतीच्या परीक्षेला निघाले होते. ज्यांना उद्या कायद्याने पिशवी उघडायचा अधिकार मिळणार होता, त्यांनी तो आदल्या दिवशीच वापरला. खरे तर प्राणिरक्षण कायद्यात २०१५ साली लागू झालेल्या दुरुस्तीतली, परराज्यात कापलेल्या गोवंशाचे मांस नुसते जवळ बाळगणे हा गुन्हा ठरवणारी तरतूद मुंबई उच्च न्यायालयाने मे २०१६ मध्येच रद्द केली होती. माणूस घरात काय खातो हा त्याचा खासगी प्रश्न, हे तत्त्व त्यामागे होते. न्यायालयाचा निकाल गाडीच्या डब्यापर्यंत पोचला नाही.

खारबाव-भिवंडी पट्ट्यातल्या बायांना झडती नवी नाही. गोदामात कामाला जाणाऱ्या मुलीला विचारा. पाळी संपली की दारावर रांग, डबा उघडा, पर्स उघडा, खिसे दाखवा. वसई किंवा डोंबिवलीच्या सोसायटीत धुणीभांडी करणाऱ्या बाईची पिशवी फाटकावर बघितली जाते. तिच्या मालकिणीची कधी नाही. सकाळी सोसायटीत, दुपारी बाजारात, रात्री गोदामात जी तपासली जाते, तिलाच पुन्हा फलाटावर तपासायचे, आणि हे तिच्या सुरक्षिततेसाठी आहे असे तिला सांगायचे!

गावातल्या म्हाताऱ्या बाया याहून जुनी आठवण सांगतात. १९६०-७० च्या दशकांत मुंबईत रेशनिंग होते आणि तांदळाच्या वाहतुकीवर निर्बंध होते. ठाणे जिल्ह्यातल्या बाया पिशवीत, कमरेला बांधून थोडा थोडा तांदूळ गाडीने मुंबईकडे नेत आणि चार पैसे मिळवत. त्यांच्या पिशव्या ओतल्या जात, तांदूळ जप्त होई, वर शिव्या आणि अंगचटी येणे. घाऊक साठेबाजाच्या गोदामापर्यंत तो हात गेल्याचे मात्र या म्हाताऱ्यांना आठवत नाही. याच काळात, १९७२ साली, मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी महागाईविरोधी महिला आघाडी उभारली आणि साठेबाजांना जाब विचारला. बाईची पिशवी सोडा, व्यापाऱ्याचे कोठार उघडा, हा त्या चळवळीचा रोख होता. आपल्या चळवळीचा वारसा हा आहे.

पिशवी ही बाईची खोली

आमच्या कामात रोज दिसणारी एक गोष्ट आहे. घरात स्वतःचे कपाट असलेली बाई विरळा. एका खोलीत सात माणसे. पेटी सासूची, कपाट नवऱ्याचे. बाईचे स्वतःचे म्हणावे असे काय? तिची पिशवी. तिच्यात काय असते? पाळीचे कापड किंवा पॅड. नवऱ्याला न सांगता घेतलेल्या गर्भनिरोधक गोळ्या. क्षयाची नाहीतर एचआयव्हीची औषधे. पोटगीच्या दाव्याची तारीख लिहिलेला कागद. मुलांचे जन्मदाखले आणि रेशनकार्डाची झेरॉक्स, कारण कधी घर सोडावे लागेल याचा नेम नाही. चिंधीत बांधलेले चार दागिने. हिंसाचारातून बाहेर पडणाऱ्या बाईचा सगळा पुढचा संसार कधीकधी एका पिशवीत मावलेला असतो.

अशा एका बाईला सुनावणीसाठी नेत असताना एका मोठ्या स्थानकात पिशवी उघडायला लावली गेली. तपासणारा पुरुष होता. त्याने कपडे वर काढून टेबलावर ठेवले, कागद चाळले, दागिन्यांची पुरचुंडी हातात धरून विचारले, "हे कोणाचे? कुठे निघालीस? घरी माहीत आहे का?" बॉम्बची शंका दोन क्षणांत मिटली होती, पुढची पाच मिनिटे चालू होती ती चारित्र्याची चौकशी. मागे रांगेतली माणसे बघत होती. ती बाई त्या दिवशी न्यायालयात तोंडातून शब्द काढू शकली नाही. तारीख पुढे गेली.

पुरुषाची पिशवी उघडली जाते तेव्हा त्याचा वेळ जातो. बाईची उघडली जाते तेव्हा तिच्या घराबाहेर असण्याचाच हिशेब मागितला जातो. हा फरक ज्यांना दिसत नाही, त्यांना 'लपवण्यासारखे काही नसेल तर भीती कसली' हे वाक्य सोपे वाटते. बाईकडे लपवण्यासारखे पुष्कळ असते आणि त्यात गुन्हा काहीच नसतो.

आकडे वाढले म्हणजे काय झाले?

'गुन्हे वाढले' हे तपासणीचे नेहमीचे समर्थन. आकडे वाचताना एक इतिहास माहीत असावा. मुंबईच्या लोकलमध्ये मोबाइल चोरीला गेला, की कित्येक वर्षे तो 'गहाळ' म्हणून लिहून घेतला जात असे. २०१७ च्या सुमारास त्याची चोरी म्हणून नोंद होऊ लागली आणि चोऱ्यांचा आकडा एकदम फुगला. चोर एका वर्षात इतके वाढले नव्हते; वही बदलली होती.

छेडछाडीच्या बाबतीत ही गोष्ट आणखी खरी आहे. बाई तक्रार देत नाही, कारण हद्दीचा घोळ. गाडी धावत असते. घटना कुठल्या दोन स्थानकांच्या मध्ये झाली, हे तिने सांगायचे. रेल्वे सुरक्षा दल केंद्राचे, लोहमार्ग पोलीस राज्याचे, स्थानकाबाहेरचा रस्ता गावच्या पोलिसांचा. तीन दारे फिरेपर्यंत शेवटची मेमू निघून जाते. खारबावच्या मुलीने तक्रार द्यायची तर दिवसाची मजुरी बुडणार, आणि घरून ऐकावे लागणार, "उद्यापासून जाऊ नको." तक्रारीचा पहिला परिणाम तिच्या प्रवासबंदीत होत असेल, तर ती गप्प बसते. म्हणून बायांच्या तक्रारींचा आकडा वाढला तर आपण लगेच घाबरू नये. कधीकधी तो बायांचा आवाज वाढल्याचाही आकडा असतो. घाबरायचे ते आकडा शून्य असलेल्या स्थानकाला.

कायद्यात काय आहे?

कार्यकर्त्यांनी एवढ्या गोष्टी तोंडपाठ ठेवाव्यात. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम ४९ आणि १०३ नुसार बाईची अंगझडती फक्त बाईने, सभ्यतेची पूर्ण काळजी घेऊन घ्यायची आहे. कलम १०५ नुसार पोलिसांनी केलेल्या झडती-जप्तीचे दृक्-श्राव्य चित्रण करायचे आहे. तपासात वॉरंटशिवाय झडती घ्यायची असेल तर कारण आधी लिहून ठेवावे लागते.

पण फट इथेच आहे. कायदा बोलतो तो अंगझडतीबद्दल. अमली पदार्थविरोधी कायद्याखालच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये म्हटले, की पिशवी म्हणजे व्यक्तीचे शरीर नव्हे. अंगझडतीची संरक्षणे पिशवीला लागू होत नाहीत. कायद्याच्या भाषेत ते बरोबर असेल. पण वर सांगितलेल्या बाईच्या पिशवीत पुरुषाचा हात गेला तेव्हा तिला जे वाटले, ते शरीर आणि पिशवी असे वेगळे करता येत नाही. बाईची पिशवीही बाईनेच तपासावी, हा नियम करून घेण्यासाठी आपल्याला लढावे लागेल.

तक्रारीच्या बाजूने कायदा आज पूर्वीपेक्षा स्पष्ट आहे. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाल्यावर एफआयआर नोंदवलीच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१३ मध्ये सांगितले. नव्या संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कोणतीही असो, कोणत्याही पोलीस ठाण्यात तक्रार देता येते आणि लैंगिक गुन्ह्यांत बाईची खबर महिला अधिकाऱ्याने लिहून घ्यायची आहे. कायद्यात नेमून दिलेल्या लैंगिक गुन्ह्यांची तक्रार नोंदवायला नकार देणारा अधिकारी भारतीय न्याय संहितेच्या कलम १९९ खाली स्वतःच गुन्हेगार ठरतो. महिला डब्यात पुरुषाने शिरणे हा रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १६२ खाली गुन्हा आहे. रेल्वेचा मदत क्रमांक १३९, लोहमार्ग पोलिसांचा १५१२. हे क्रमांक प्रत्येक गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर हवेत.

मग मागायचे काय?

भिवंडीकडे या बाबतीत एक अनुभव आहे आणि तो आपण विसरत चाललो आहोत. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी या शहराचे नाव बदनाम झाले. झडत्या, संचारबंदी, धरपकड सगळे होऊन गेले होते. १९८८ नंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी वस्तीवस्तीत मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांची साधी माणसे आणि त्या भागाचा हवालदार नियमाने एकत्र बसू लागले. नळावरच्या भांडणापासून बोलू लागले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली. ही शांतता ओळखीतून, बोलण्यातून आणि पोलिसाला नावाने हाक मारता येण्यातून आली. संशयाने माणसे एकमेकांपासून तुटतात. सुरक्षिततेला माणसे जोडलेली लागतात. रेल्वे स्थानक हीही एक वस्तीच आहे. रोज तीच माणसे, तीच गाडी, तोच डबा.

म्हणून आमच्या चर्चेतून निवेदनात पुढील मागण्या याव्यात असे मला वाटते :

१. दर स्थानकावर प्रवासी, रेल्वे कर्मचारी आणि पोलीस यांची समिती असावी. तीत निम्म्या बाया असाव्यात, आणि त्यात भाजी-मासळी विकणाऱ्या आणि गोदामात काम करणाऱ्या हव्यात. बैठक दरमहा व्हावी आणि नोंदी फलाटावर लावाव्यात.

२. पहिल्या गाडीपासून शेवटच्या गाडीपर्यंत फलाट, पूल, स्वच्छतागृह आणि स्थानकाबाहेरचा रस्ता उजेडात असावा. दिवा बंद पडला तर कोणाला कळवायचे, त्या माणसाचे पद आणि क्रमांक तिथे लिहिलेला असावा.

३. गोदामांच्या पाळ्या सुटण्याच्या वेळेला जुळणाऱ्या मेमू वाढवाव्यात. मालगाड्यांसाठी या पट्ट्यातून स्वतंत्र मार्ग आखता येतो, तर माणसांसाठी दोन गाड्या वाढवणे अशक्य नाही. गाड्यांमधले अंतर जितके जास्त, तितका ओसाड फलाटावर थांबण्याचा वेळ जास्त.

४. महिला डब्यातला पहारा घड्याळ बघून ठरवू नये. डबा रिकामा असतो ती प्रत्येक वेळ पहाऱ्याची. तिथे महिला कर्मचारी असाव्यात आणि त्या त्याच मार्गावर कायम असाव्यात, म्हणजे ओळख होईल.

५. चालत्या गाडीतल्या बाईची तक्रार पुढच्या स्थानकावर लिहून घेतली जावी. त्यासाठी तिला गाडी सोडावी लागू नये.

६. तपासणी करायचीच असेल तर ती सरसकट आणि सगळ्यांची असावी, नाहीतर आधी ठरवलेल्या आकड्याने व्हावी. बाईची पिशवी आडोशाला, बाईनेच उघडावी. कोणाला थांबवले, का थांबवले, काय सापडले याची नोंद ठेवून ती दर तीन महिन्यांनी जाहीर करावी. त्या नोंदी वाचल्या, की 'अचानक' कोणाची पिशवी उघडली जाते, ते आपोआप दिसेल.

यातल्या बऱ्याच मागण्या खर्चिक आणि रोज राबवायच्या आहेत. पिशवी तपासायला एक टेबल आणि दोन शिपाई पुरतात, शिवाय छायाचित्रही चांगले येते. शासनाला ते सोयीचे आहे. आपण ते मागून शासनाची सोय करू नये. बायांना घराबाहेर पडता यावे म्हणून या महाराष्ट्रात मोठी लढाई झाली आहे. ५ मे १९९२ ला चर्चगेटहून पहिली लेडीज स्पेशल सुटली, मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धे तिकीट झाले. प्रवास करणाऱ्या बाया वाढताहेत आणि वाढत राहतील. या बाईला संशयित म्हणून उभी करायचे, की या स्थानकाची मालकीण म्हणून, हे आपल्या मागणीच्या भाषेवरून ठरेल.

ज्या गटांना जमेल त्यांनी आपापल्या स्थानकाची किंवा एसटी थांब्याची आठवडाभर पाहणी करावी. किती दिवे चालू आहेत, कोणती वेळ ओसाड आहे, पोलीस कधी दिसतो, तक्रार द्यायला गेलेल्या बाईला काय उत्तर मिळाले, झडती कोणाची झाली, एवढ्या पाच गोष्टी लिहाव्यात. पाहणीत कॉलेजच्या मुलीबरोबर पाटीवाली बाई असलीच पाहिजे. दोघींना दिसणारे स्थानक वेगळे असते. अशा पाहण्या या त्रैमासिकाकडे पाठवा. पंधरा-वीस स्थानकांच्या नोंदी एकत्र आल्या, तर रेल्वे अधिकाऱ्यांच्या आणि लोहमार्ग पोलिसांच्या टेबलावर ठेवायला आपल्याजवळ आपला स्वतःचा कागद असेल.